शिरूर अनंतपाळला बँकिंगची परिषद कशाला?

तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाने बँकिंग आणि वित्त या विषयांवर संशोधकांची दोन दिवसांची परिषद भरवावी का, एवढाच प्रश्न आहे. गाव शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर. त्याऐवजी देवणी, जळकोट, मुखेड किंवा बिलोली म्हटलं तरी वादाचे मुद्दे फारसे बदलणार नाहीत. वाद घालणारे दोघे आहेत. एकाची सगळी नोकरी लातूर-नांदेडकडच्या ग्रामीण शाखांत कर्जप्रकरणं तपासण्यात गेली. त्याला शंकेखोर म्हणू. दुसरी महाविद्यालयात वाणिज्य शिकवते, ती उत्साही. दोघंही आपापल्या क्षेत्रात मुरलेली आहेत, त्यामुळे कुणी कुणाला सहज हार जात नाही.

शंकेखोर : मॅडम, परिषदा मी पुष्कळ पाहिल्यात, शालीही घेतल्यात. दहाची वेळ दिलेली असते, सुरुवात साडेअकराला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, मग बीजभाषण. जेवणानंतर खोल्याखोल्यांतून शोधनिबंध. माणशी पाच मिनिटं, त्यातलं एक आभारात जातं. विषय ऐकून ऐकून पाठ झालेत : ‘ग्रामीण विकासात बँकांची भूमिका’, ‘डिजिटल व्यवहार : संधी आणि आव्हाने’. बीदरहून दोघं आले की परिषद राष्ट्रीय होते, काठमांडूचं कुणी पडद्यावर दिसलं की आंतरराष्ट्रीय. प्रमाणपत्रं वाटून झाली की सभागृह रिकामं. प्रश्न कुणी विचारत नाही, कारण प्रत्येकाला लातूरची गाडी गाठायची असते.

हे का होतं तेही उघड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली शिक्षकांच्या बढतीला गुण जोडले. आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध वाचला तर १०, राष्ट्रीय असेल तर साडेसात, राज्य पातळीवर ५, विद्यापीठ-महाविद्यालयाच्या पातळीवर ३. असे दर जाहीर झाल्यावर बाजार भरणारच. वाचलेले निबंध छापायला नियतकालिकंही निघाली. मे २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकावी लागली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं, की विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या आणि कुठल्याही मान्य सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात. त्या ढिगात आणखी एक स्मरणिका टाकायची, याला माझी हरकत आहे.

उत्साही : गुणांचा बाजार होता, मान्य आहे. पण २०१८ च्या नियमांनी महाविद्यालयीन शिक्षकांच्या बढतीतली ती सक्ती काढली आणि राष्ट्रीय परिषदेतल्या निबंधाचे गुणही ३ वर आणले. ज्या यंत्रणेवर तुमचा राग आहे ती बरीचशी मोडलीये, साहेब. आता मला प्रश्न दिसतो तो जागेचा. बँकिंगवरचं गंभीर संशोधन महाराष्ट्रात कुठं होतं? राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था पुण्यात कोंढव्याला. रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय पुण्यात. गोखले संस्था पुण्यात. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था मुंबईत गोरेगावला. कर्ज इथलं आणि त्याची चर्चा तिकडं.

आणि आपला पतपुरवठ्याचा इतिहास म्हणजे पुण्याच्या इतिहासाची नक्कल नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यावर आयोग बसला, १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. हे सगळं इंग्रजी मुलखातलं. आपण निजामाकडं. आपलं नाणंसुद्धा वेगळं, हाली सिक्का. सात हालींना सहा इंग्रजी रुपये असा साधारण भाव. सरकारी बँक वेगळी, १९४१ ची हैदराबाद स्टेट बँक. एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये निजामाच्या राज्यातल्या गावांची आर्थिक पाहणी केली आणि १९४९ ते १९५१ मध्ये पुन्हा केली. ते खंड आमच्या मुलांना कुणी दाखवत नाही. त्यांना अभ्यासात सुपे भेटतं, फार तर हॅरल्ड मान यांनी १९१७ साली ज्यावर पुस्तक लिहिलं ते पिंपळे सौदागर भेटतं. निलंगा आणि उदगीर भेटत नाहीत.

अशा कामातून काय होऊ शकतं तेही पाहा. १९५१-५२ ची अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी ७५ जिल्ह्यांतल्या ६०० गावांत झाली. समितीत धनंजयराव गाडगीळ होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के, सावकारांचा ७० च्या आसपास असं निघालं. अहवाल १९५४ ला आला आणि १ जुलै १९५५ ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. गावात जाऊन विचारलेल्या प्रश्नांनी देशातली सर्वांत मोठी बँक हलवली.

शंकेखोर : तुम्ही दिलेल्या उदाहरणांत परिषद कुठंच नाही, मॅडम. पाहणी आहे. मी त्यात आणखी एक घालतो, आपल्या शेजारचं. सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यात शिरापूर नावाचं गाव आहे. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू शेतीची संशोधन संस्था आहे. तिनं १९७५ पासून सोलापूरकडची शिरापूर आणि कळमण, अकोल्याकडची कंझारा आणि किनखेडा, तसंच तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातली दोन गावं निवडून घराघरांचा जमाखर्च टिपायला सुरुवात केली. टिपणारी माणसं गावातच राहत. कुणी बैल विकला, कुणी उसनं घेतलं, ज्वारी किती झाली, पाऊस गेला त्या वर्षी घरात काय शिजलं, हे सगळं वर्षानुवर्षं.

त्या वह्यांवर रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली ‘इकॉनोमेट्रिका’त निबंध लिहिला. एखाद्या घरचं उत्पन्न घसरलं तरी त्या घरचा खाण्यापिण्याचा खर्च तेवढा घसरत नाही, तो गावाच्या सरासरीबरोबर चालतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे गाव आपसांत विम्यासारखं काहीतरी करत असतं. भूमिहीनांना मात्र त्याचा आधार कमी. त्याच्या आदल्या वर्षी रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी याच वह्यांवरून दाखवलं, की वाईट वर्षी शेतकरी बैल विकून घर चालवतो, कारण त्याला हवं तेव्हा कर्ज मिळत नाही. आज जगात जिथं ग्रामीण पतपुरवठा शिकवतात तिथं शिरापूर माहीत असतं. ते नाव झालं कुणीतरी दहा वर्षं वही घेऊन बसल्यामुळं. मांडव घालून नाही झालं.

उत्साही : पण गोष्ट टाउनसेंड यांच्यापाशी संपली कुठं? १९९७ साली मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी त्याच वह्या पुन्हा उघडल्या आणि घरचा खर्च ज्या पद्धतीनं मोजला तिच्यावरच बोट ठेवलं. ती पद्धत अशी होती, की तिच्यातल्या चुका निष्कर्षाच्या बाजूनंच झुकत होत्या. नीट मोजलं तर गावाचा आपसांतला आधार तेवढा भक्कम दिसत नाही. वही एकट्याला लिहिता येते. ती चुकलीये हे सांगायला दुसरं माणूस लागतं. मला परिषद हवी आहे ती त्या दुसऱ्या माणसासाठी.

आणखी एक घ्या. १९७७ साली रिझर्व्ह बँकेनं नियम केला : जिथं बँक आहे तिथं एक शाखा उघडायची असेल तर जिथं बँक नाही अशा चार ठिकाणी आधी उघडा. १९९० पर्यंत तो चालला. आपल्याकडं तेव्हा नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक १९७६ ची, तिच्या शाखाही याच काळात वाढल्या. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये आकडेवारी मांडली, की या शाखांमुळं ग्रामीण दारिद्र्य कमी झालं. अरविंद पनगढिया यांनी त्यावर शंका घेतली : शाखा गेल्या त्या राज्यांत त्याच वेळी सरकारचे इतर कार्यक्रमही गेले असतील, मग श्रेय एकट्या बँकेचं कसं? दोन्ही बाजू मोठ्या माणसांच्या. पण त्या नियमानं उघडलेल्या शाखेत तुम्ही खुर्ची टाकून बसलात, साहेब. तुम्हाला कुणी विचारलं का?

शंकेखोर : नाही विचारलं. आणि विचारलं असतं तरी ऐकलं असतं, हे कशावरून? अमेरिकेत जॅक्सन होलला दरवर्षी बँकिंगच्या पंडितांची परिषद भरते. जगातल्या मध्यवर्ती बँकांचे गव्हर्नर येतात. २००५ साली रघुराम राजन यांनी तिथं निबंध वाचला, की वित्तव्यवहारातल्या नव्या साधनांनी जगाची जोखीम कमी होण्याऐवजी वाढली असेल. अमेरिकेचे माजी अर्थमंत्री लॅरी समर्स उठले आणि त्यांनी त्या भूमिकेला प्रगतीच्या विरोधातली ठरवलं. तीन वर्षांनी लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली. जिथं सगळे जाणकार बसले होते तिथं ही गत, तर आपल्याकडं गावच्या सहकारी सोसायटीच्या गटसचिवाचं कोण ऐकणार?

उत्साही : तरी निबंध छापला गेला. बुडाल्यावर लोकांना तो सापडला. नोंद नसती तर समर्स यांना आज कुणी विचारलंही नसतं.

शंकेखोर : बरं. मग नोंद कशाची करायची ते सांगतो, आणि ती परिषदेत कशी येईल ते तुम्ही सांगा.

पीककर्ज ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी मिळतं. वेळेत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, उरलेलं व्याज राज्य सरकार पंजाबराव देशमुख योजनेतून सोसतं. म्हणजे वेळेत भरणाऱ्याला शून्य टक्के. आता मार्चअखेर शाखेत काय होतं? सोयाबीन ऑक्टोबरला निघालेलं असतं. भाव पडलेला, आलेले पैसे दवाखाना, पोराची फी, दिवाळी, मागची उधारी यांत गेलेले. खात्यावर दोन लाख येणं. मग शेतकरी आडत्याकडून, पाहुण्याकडून नाहीतर सावकाराकडून आठ-दहा दिवसांसाठी दोन लाख उचलतो, बँकेत भरतो, जुनं खातं बंद करतो, नवं कर्ज मंजूर करून घेतो आणि रक्कम काढून त्या माणसाला परत देतो. वर वापरल्याचे पैसे वेगळे. याला नवं-जुनं म्हणतात. शाखाधिकारी, रोखपाल, शिपाई, गटसचिव, दारातला चहावाला, सगळ्यांना माहीत असतं. ज्यानं रक्कम दिली तो माणूस कधी कधी बँकेच्या ओट्यावरच बसलेला असतो, पैसे निघायची वाट बघत.

आता संशोधक येतो. वसुलीचा तक्ता मागतो. तक्ता उत्तम असतो. तो लिहितो, की व्याजसवलतीमुळं परतफेडीची शिस्त वाढली. यात खोटं काहीच नाही. पैसे भरले, पावती खरी, शिक्का खरा. पण त्या पैशाचा रानात काय पिकलं याच्याशी संबंध नाही. शून्य टक्क्याच्या कर्जासाठी त्या माणसानं बाहेर किती मोजले, ते बँकेच्या कुठल्याच वहीत नाही. समजा दोन लाखांना दहा दिवसांचे चार हजार पडले, तर वर्षाचा दर ७३ टक्के होतो. आणि हे केलं नाही तर खातं थकतं, नवं कर्ज बंद, सिबिल बिघडतं.

त्यात कर्जमाफी. २०१७ च्या योजनेत थकबाकीदाराला दीड लाखापर्यंत माफी होती आणि नियमित भरणाऱ्याला जास्तीत जास्त २५ हजारांचं प्रोत्साहन. ज्यानं सावकाराचे पाय धरून खातं नियमित ठेवलं तो सरकारी कागदावर सुस्थितीतला शेतकरी ठरला. त्या दिवसांत आमच्या टेबलासमोर माणसं काय बोलत होती, ते कुठल्या शोधनिबंधात लिहिणार?

इथं जरा थांबायला हवं. नवं-जुनं ही काही गुप्त गोष्ट नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खेड्यातल्या शाखेसमोर तासभर उभं राहिलं तरी दिसते. तक्त्यात ती येत नाही, कारण तक्त्यात तिच्यासाठी रकानाच नाही. परिषदांवर इतका खार खाणाऱ्या माणसानं आत्ता जे सांगितलं त्याला प्रश्न आहे, यंत्रणा आहे, हिशोब आहे आणि प्रचलित निष्कर्षाला आव्हानही आहे. उत्साहीनं ते अचूक हेरलं.

उत्साही : साहेब, हाच निबंध. तुम्ही तोंडी सांगितलात, एवढंच. असा निबंध कोंढव्यात सुचणार नाही, कारण कोंढव्याला तक्ता पोहोचतो, ओटा पोहोचत नाही. म्हणून मला बोलवायचेत ते गटसचिव, बँकमित्र, बचत गटांची पुस्तकं लिहिणाऱ्या सीआरपी ताई, मोंढ्यातले आडते. प्राध्यापकांनी निबंध वाचायचा आणि यांनी तो खोडायचा. आणि मराठीत. मराठी अर्थशास्त्र परिषद गावोगावच्या महाविद्यालयांत मराठीतच अधिवेशन भरवते, ‘अर्थसंवाद’ काढते. तेव्हा मराठीत गंभीर अर्थशास्त्र होत नाही, असं म्हणायची सोय नाही. आमच्याकडं मात्र मोडक्या इंग्रजीत निबंध लिहायचा आणि ज्याच्याबद्दल लिहिला त्याला तो कळू द्यायचा नाही, अशी रीत पडली.

आता तुमच्या नव्या-जुन्याला मी एक जोड देते. पीक विमा. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. राज्यानं २०२३ ला १ रुपयात विमा केला, २०२५ ला ते बंद केलं. विम्याचा हिशोब महसूल मंडळावर चालतो. आपल्या तालुक्यात शिरूर, साकोळ, हिसामाबाद ही मंडळं. पीक कापणी प्रयोग मंडळात ठरावीक ठिकाणी होतात, महावेधचं हवामान केंद्र मंडळात एका जागी असतं. ढग मात्र मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. एकाच मंडळात एका शिवारात पाणी साचतं आणि दुसऱ्यात ढेकूळ विरघळत नाही. विमा देणाऱ्याचं मोजमाप आणि शेतकऱ्याचं नुकसान यांत पडणारी ही फट जगभर अभ्यासली गेली आहे. शॉन कोल, झेवियर जिने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंध्र आणि गुजरातेत पर्जन्यविम्यावर प्रयोग केले. हप्ता कमी केल्यावर मागणी वाढली, तरी विमा सर्रास घेतला जात नव्हता. हातात रोकड नसणं आणि विकणाऱ्यावर विश्वास नसणं या दोन गोष्टी आड येत होत्या.

मला विचारायचंय ते असं. ज्या वर्षी एका मंडळाला विम्याची भरपाई मिळाली आणि शेजारच्या मंडळाला मिळाली नाही, त्या वर्षी मार्चमध्ये पहिल्या मंडळात नवं-जुनं कमी झालं का? झालं असेल तर विमा खरंच सावकाराची जागा घेतोय. झालं नसेल तर भरपाईचे पैसे उशिरा येतात किंवा भलतीकडं जातात. शेजारशेजारची मंडळं, एकच माती, एकच बाजारपेठ, आणि भरपाई एकीकडं. असा प्रयोग निसर्गानं आणि विमा कंपनीनं आपल्या दारात मांडून ठेवलाय.

शंकेखोर : प्रश्न चोख आहे. पण तुम्ही गटसचिवाला माइकसमोर उभं करताय. तो म्हणाला, की आमच्या सोसायटीत निम्मी वसुली नव्या-जुन्याची, तर दुसऱ्या दिवशी सहायक निबंधकांकडून बोलावणं येईल. म्हणून तो बोलणारच नाही. तो म्हणेल, आमच्याकडं वसुली समाधानकारक आहे. मग तुमच्या स्मरणिकेत तेच छापून येईल आणि खोट्यावर परिषदेचा शिक्का बसेल. तक्ता निदान गप्प तरी असतो.

दुसरं, खर्च. दोन दिवसांचं जेवण, मांडव, पाहुण्यांची गाडी. पैसे कोण देणार? तालुक्यात देणगी देणारे कोण असतात? पतसंस्था, मल्टिस्टेट, आडत दुकानं. स्मरणिकेच्या मागच्या पानावर ज्याची जाहिरात, त्याच्या ताळेबंदावर पुढच्या पानात कोण लिहील? बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचं उदाहरण ताजं आहे. मराठवाड्यातल्या गावोगावच्या माणसांच्या ठेवी तिथं अडकल्या, गुन्हे दाखल झाले, ईडीनं मालमत्ता जप्त केल्या. ठेवीवर बाजारापेक्षा जास्त व्याज कुठून येतं, हा काही अवघड प्रश्न नव्हता. तो आधी विचारायला संशोधकाची पदवी लागत नव्हती. कुणाचं मिंधं नसणं लागत होतं.

उत्साही : देणगी घ्यायचीच नाही. येणाऱ्यानं नोंदणी शुल्क भरावं, जेवण वसतिगृहाच्या खाणावळीत, मुक्काम विद्यार्थ्यांच्या घरी. राष्ट्रीय हा शब्दही हवं तर काढून टाकू. आणि ठेवींचं म्हणाल तर बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण आहे, फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत. त्याआधी १९९३ पासून ते १ लाखच होतं. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही. आमच्या विद्यार्थ्याला हे परीक्षेपुरतं पाठ असतं आणि त्याच्या वडिलांची ठेव पतसंस्थेत असते. एक सत्र नुसतं ताळेबंद वाचण्यावर ठेवलं तरी—

शंकेखोर : ती जनजागृती झाली. चांगलीच गोष्ट आहे, जरूर करा. पण तिला संशोधन म्हणू नका. हीच तर गल्लत होते. परिषद म्हणायची, भाषण करायचं आणि गावाला शहाणं केल्याचं समाधान घ्यायचं. संशोधनात आधी आपल्याला माहीत नसतं हे कबूल करावं लागतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हवं असेल तर एक वर्ष परिषद नाही, फलक नाही. पन्नास-शंभर घरं निवडा, महिन्याला एकदा जा, कोणाकडून किती उचललं, काय भावानं, परत कधी, ते लिहा. मुलं गावातलीच आहेत, लोक त्यांना सांगतील. वर्षानं लोक बोलवा. मी येईन, शाल न घेता.

उत्साही : वर्षभर कार्यक्रम नाही म्हटलं तर प्राचार्य विचारतील, नॅकच्या अहवालात काय दाखवू? पण ते माझं मी बघते. करू. वही लिहू. आता मला एक सांगा. वर्षानं आकडे हातात आले. समजा निघालं, की वेळेवर झालेल्या परतफेडीचा मोठा हिस्सा उसन्या पैशाचा आहे. ते छापायचं?

शंकेखोर : इथंच माझा पाय अडतो, आणि परिषदांच्या चेष्टेमागं खरं कारण हेच आहे, असं समजा. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आंध्र सरकारनं सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्यांवर अध्यादेश काढला. वसुलीचा जाच खरा होता, आत्महत्यांच्या बातम्या होत्या. पण अध्यादेशानंतर परतफेड कोसळली, कंपन्यांनी हात आखडले आणि गरीब बायकांना मिळणारं कर्जही आटलं. त्याच हैदराबादच्या वस्त्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात, या कर्जानं आयुष्य पालटल्याचं दिसलं नाही, तसं मोठं नुकसानही दिसलं नाही. बारीक, मोजूनमापून काढलेला निष्कर्ष. पण धोरण करणारा बारीक वाचत नाही. तुमचा निबंध मंत्रालयात गेला तर कुणीतरी एवढंच वाचेल, की शेतकरी सवलत उकळायला खातं फिरवतो. शून्य टक्के बंद. किंवा शाखेला आदेश, की भरणा आणि नवी उचल यांत महिनाभराचं अंतर ठेवा. मग दहा दिवसांचं उसनं महिन्याचं होईल. चार हजारांचे बारा हजार. तुमच्या सत्याचे पैसे शेतकरी भरेल.

उत्साही : आणि न छापल्याचे पैसे आज कोण भरतोय? तोच. फक्त त्याची नोंद नाही, म्हणून कुणाला ते दिसत नाहीत. गप्प बसून तुम्ही त्याला वाचवताय असं तुम्हाला वाटतं, साहेब. ओट्यावर बसलेला माणूसही तुमच्या गप्प बसण्यावरच जगतोय. परतफेडीची तारीख मार्चऐवजी पिकाच्या विक्रीशी जोडावी, हप्ते पाडून द्यावेत, जुनं खातं बंद न करता व्याज भरून पुढं चालवू द्यावं, अशा मागण्या करायच्या तर हातात आकडे नकोत?

शंकेखोर : हवेत. म्हणून तर म्हणतो, छापायच्या आधी ठरवा कसे छापणार. शाखेचं नाव देणार नाही म्हणाल. पण तुमच्या तालुक्यात मंडळं मोजकी आणि मंडळात शाखा एक-दोनच. मंडळवार तक्ता दिलात की कुठली शाखा, कुठली सोसायटी, हे पानटपरीवरचा माणूससुद्धा सांगेल. गटसचिवाची नोकरी तुमच्या तक्त्याच्या रकान्यात असेल.

उत्साही : मग तालुकावार देऊ.

शंकेखोर : तालुकावार दिलेत तर विम्याशी जोड तुटली. भरपाई मंडळाला मिळते, तालुक्याला नाही. तुमचा तो चोख प्रश्नच गेला.

उत्साही : शेजारचे चार तालुके घेऊ. निलंगा, देवणी, उदगीर आपल्याबरोबर. मंडळांना नावं न देता क्रमांक देऊ.

शंकेखोर : पाऊस आणि भरपाईचे आकडे सरकार मंडळाच्या नावानिशी जाहीर करतं. तुमच्या क्रमांकासमोरचा पाऊस बघून कुणीही नाव लावून घेईल. विद्यार्थीसुद्धा.

उत्साही : पाऊस कमी-जास्त अशा गटांत मांडला तर? आकडा न देता?

शंकेखोर : मग तुमचा तो दुसरा माणूस, वही चुकलीये हे सांगणारा, तो काय तपासणार? त्याला कच्चे आकडे लागतील. ते त्याला दाखवणार का, आणि दाखवले तर तो बँकेचा असला तरी दाखवणार का, हे आधी कागदावर उतरवा. तोवर मी मार्चमधली माझी माहिती कुठली घरं निवडायची एवढ्यापुरतीच देतो.

उत्साही : आणि तुमच्या शाखेच्या गावातली घरं?

शंकेखोर : ती शेवटी बघू.